बेस्टची तूट आणि शहराचे देणे

कुलाब्याच्या बेस्ट भवनातून दोन अगदी निराळ्या व्यवहारांचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एका दफ्तरात कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ मुंबईला पुरविल्या जाणाऱ्या विजेचा हिशेब असतो. दुसऱ्यात दहिसर, मुलुंड, मानखुर्दपर्यंत, आणि त्याही पलीकडे खाडी ओलांडून धावणाऱ्या तांबड्या बसगाड्यांचा. पहिल्या वहीत शिल्लक पडे, दुसरीत तूट येई, आणि वर्षअखेरीस एकीची शिल्लक दुसरीच्या खड्ड्यात घालून ताळेबंद मिळविला जाई. हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला होता की, आपल्या दिव्यापंख्याच्या बिलातून दारावरून जाणाऱ्या बसचे डिझेल भरले जाते, ह्याची जाणीव फार थोड्या मुंबईकरांना असे. आज तो शिरस्ता मोडला आहे, त्याच्या जागी दुसरा कायमचा शिरस्ता बसलेला नाही, आणि मुंबई महानगर प्रदेशातील बसवाहतुकीच्या बहुतेक विवंचनांचे मूळ, माझ्या मते, ह्याच रिकाम्या जागेत आहे.

वीज आणि वाहतूक ह्यांची ही सोयरीक कोणा अर्थशास्त्रज्ञाने जुळविलेली नव्हती. ती काळाच्या ओघात घडून आली. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिची एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जात होती आणि दुसरी बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच येत होती. भाडे होते तीन आणे. पुढे घोड्यांच्या जागी वीज आणावयाची ठरले, तेव्हा वीज निर्माण करणारे केंद्र उभारणे भाग पडले, आणि असे केंद्र उभारल्यावर केवळ ट्रामपुरती वीज काढून उरलेली शक्ती वाया घालविणे कोणत्याही व्यापाऱ्याला परवडण्यासारखे नव्हते. म्हणून १९०५ साली स्थापन झालेल्या नव्या कंपनीने शहराला वीज पुरविण्याचा आणि ट्राम चालविण्याचा असे दोन्ही मक्ते एकत्रच पत्करले. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ह्या वाटेवर पहिली मोटारबस निघाली. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे सहा लाख उतारूंनी तिचा लाभ घेतला आणि पुढील वर्षी हाच आकडा अडतीस लाखांवर गेला. स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, महापालिकेने ही कंपनी आपल्या ताब्यात घेतली, तेव्हा तिच्यापाशी २४२ बसगाड्या होत्या, त्या २३ मार्गांवर धावत होत्या आणि दररोज सुमारे २ लाख ३८ हजार माणसे त्यांतून ये-जा करीत होती.

ह्या हस्तांतराचे महत्त्व केवळ मालकी बदलण्यात नाही. खासगी कंपनीचा नफा भागधारकांना वाटला जातो. महापालिकेच्या उपक्रमाचा नफा नगरालाच परत द्यावयाचा असतो, आणि तो बसच्या रूपाने दिला गेला. कुर्ला, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली अशी उपनगरे जसजशी वाढत गेली, तसतशी बस तेथवर गेली. जेथे रेल्वेचे स्थानक दोन मैलांवर होते तेथे ती गेली, आणि जेथे चार प्रवासी मिळण्याची मारामार होती तेथेही पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची गाडी तिने नेमाने सोडली. ३१ मार्च १९६४ रोजी ट्रामने शहराचा निरोप घेतल्यावर रस्त्यावरचा सारा भार बसवर आला. कालांतराने बसच्या तिकिटावर राज्य शासनाचा पोषण अधिभारही बसला. म्हणजे जी संस्था स्वतः तुटीत होती तिच्याच वाहकाच्या चामडी पिशवीतून शासनाच्या खजिन्यात भरणा होत राहिला. बससेवा ही नेहमी घेणारीच असते, असे समजणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

२००३ च्या वीज कायद्याने ह्या व्यवस्थेचा पाया हलला. विजेचे दर नियामक आयोगाने ठरवावेत आणि ग्राहकाने शक्यतो विजेपुरताच खर्च सोसावा, असा त्या कायद्याचा रोख आहे, आणि तो अन्याय्य आहे असे म्हणता येणार नाही. गिरगावातील विधवेने आपल्या दोन दिव्यांच्या बिलातून गोरेगावच्या बसचा भार का उचलावा, ह्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. काही वर्षे वाहतुकीच्या तुटीपोटी वीजबिलात स्वतंत्र आकार लावण्यात आला; पुढे तोही थांबला. जुनी वाट बंद करणे योग्य असेलही, परंतु ती बंद करताना नवी वाट काढून देण्याची जबाबदारी कोणावर होती, हे कोणत्याही कायद्यात, ठरावात अथवा परिपत्रकात नमूद झाले नाही.

ह्यावर सर्वांत सुचणारा उपाय म्हणजे भाडेवाढ. २०१५ साली दोनदा भाडे वाढविण्यात आले आणि किमान तिकीट आठ रुपयांवर गेले. स्थानकापासून घरापर्यंतच्या दोन किलोमीटरांसाठी तिघांत वाटून घेतलेली रिक्षा त्याच पैशांत मिळू लागल्यावर जवळचा उतारू बसमधून उतरला तो उतरलाच. ९ जुलै २०१९ रोजी नेमका उलटा प्रयोग झाला: पाच किलोमीटरपर्यंत पाच रुपये, आणि वातानुकूलित गाडीत सहा. थांब्यांवर पुन्हा रांगा लागल्या. तथापि गाड्या भरल्या म्हणून तूट भरली असे झाले नाही, कारण पाच रुपयांत बसचा खर्च निघत नाही आणि निघावा अशी अपेक्षाही धरू नये. ९ मे २०२५ पासून किमान भाडे दहा रुपये, वातानुकूलितला बारा रुपये झाले आहे. दहा वर्षांत तीन दिशांनी फिरलेल्या ह्या धोरणावरून इतके निश्चित दिसते की, तिकिटाचा दर हा बसच्या अर्थव्यवहाराचा एक लहान भाग आहे आणि त्यावरच सारा भार टाकला की उतारू निघून जातो.

मोठा भाग कोठे आहे, हे पाहावयाचे तर वेळापत्रक कसे तयार होते ते जवळून पाहिले पाहिजे. समजा, एका मार्गावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावयास एक तास लागतो. जाणे-येणे दोन तासांचे. दोन्ही टोकांना चालक-वाहकांना पाणी पिण्यास आणि गाडीला उशीर भरून काढण्यास दहा-दहा मिनिटे ठेवावी लागतात. म्हणजे एका गाडीची पूर्ण फेरी १४० मिनिटांची झाली. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल तर १४ गाड्या लागतील. आता रस्त्यावर मोटारी वाढल्या, कडेला दुहेरी वाहने उभी राहू लागली, चौकाचौकांत खोळंबा होऊ लागला आणि तोच प्रवास सव्वा तासाचा झाला. फेरी १७० मिनिटांची झाली आणि गाड्या लागू लागल्या १७. ह्या तीन गाड्या, त्यांवरचे दोन पाळ्यांचे चालक-वाहक, त्यांचे इंधन आणि आगारातील त्यांची जागा, एवढा सर्व खर्च वाढूनही उतारूला पूर्वीइतकीच, किंबहुना पूर्वीहून संथ, सेवा मिळते. वाढीव गाड्या देण्याची ऐपत नसेल तर दहा मिनिटांचे अंतर बारा मिनिटांवर जाते, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात उशिरा आलेल्या गाडीला थांब्यावर अधिक माणसे भेटतात, त्यांना चढवून घेण्यात ती आणखी रखडते, मागची मोकळी गाडी तिला येऊन गाठते, आणि अर्धा तास वाट पाहणाऱ्याला एकाच क्रमांकाच्या दोन बस एकापाठोपाठ येताना दिसतात. बसचौकीत बसलेला स्टार्टर त्यांतील एकीला मधूनच परत फिरवितो आणि ज्यांना शेवटपर्यंत जावयाचे असते ते उतारू त्याच्यावर चिडतात. परंतु विस्कटलेली घडी सावरण्यासाठी त्याच्या हाती तेवढाच इलाज असतो.

म्हणून बसच्या नियोजनात रस्त्याचा वाटा हा पैशाइतकाच मोलाचा आहे, असे मी आग्रहाने म्हणतो. एक राखीव मार्गिका आखून ती पोलिसांच्या साहाय्याने मोकळी ठेवली आणि सव्वा तासाचा प्रवास पुन्हा तासावर आणला, तर वर सांगितलेल्या उदाहरणात तीन बसगाड्या फुकट मिळाल्यासारखे होते. ज्या रस्त्याची अर्धी रुंदी एकेका माणसाला घेऊन जाणाऱ्या मोटारी व्यापतात, त्याच रस्त्यावर साठ-सत्तर माणसांना घेऊन जाणाऱ्या गाडीला त्यांच्यामागे तिष्ठत उभे करणे, हा सार्वजनिक द्रव्याचा सर्वांत मोठा अपव्यय आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

ह्या तंगीतून बेस्टने गेल्या काही वर्षांत काढलेला मार्ग म्हणजे भाडेतत्त्वावरील बस. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. बेस्टने दर किलोमीटरला ठरलेली रक्कम द्यावयाची आणि तिकिटाचे उत्पन्न आपल्याकडे ठेवावयाचे. भांडवल नसलेल्या संस्थेला ही तजवीज आकर्षक वाटणे स्वाभाविक होते. दोन हजारांहून अधिक विजेवरच्या गाड्यांचे करार झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत विजेवरची वातानुकूलित दुमजली बस आली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी १९३७ पासून चालत आलेल्या साध्या दुमजली बसची शेवटची फेरी झाली. परंतु करारांप्रमाणे गाड्या वेळेवर आल्या नाहीत, काही कंत्राटदार मुदत संपण्यापूर्वीच सेवा सोडून गेले, त्यांच्या चालकांनी थकलेल्या पगारासाठी अचानक काम थांबविले की त्या दिवशी एखाद्या आगाराच्या फेऱ्याच रद्द होऊ लागल्या. २०१९ च्या जूनमध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे कबूल केले होते. आज त्यांतील काही शेच उरल्या आहेत. सन २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या आसपास असलेला ताफा आता भाड्याच्या गाड्या धरूनही तीन हजारांच्या आतबाहेर घुटमळतो. कंत्राट वाईट असते असे माझे म्हणणे नाही. लंडनसारख्या शहरात बसगाड्या खासगी चालकांकडूनच धावतात. पण तेथे मार्ग, वेळा आणि दर्जा ठरविणारी संस्था बलवान आहे आणि तिच्यामागे हुकमी उत्पन्न आहे. १७ फेब्रुवारी २००३ रोजी लंडनने शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर पाच पौंडांचा दैनिक आकार बसविला, त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या, आणि त्या आकाराचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च झाले पाहिजे असे कायद्याने बांधून घेतले. पॅरिसमध्ये १९७१ पासून मालकवर्गाकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक-कर घेतला जातो, कारण कामगार वेळेवर कामावर पोहोचण्यात मालकाचाही लाभ आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे.

आपल्याकडे द्रव्याचा अभाव आहे, असे म्हणण्यास जागा नाही. कुलाब्यापासून आरे वसाहतीपर्यंतच्या भुयारी मेट्रोवर तीस हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि त्यासाठी जपानकडून दीर्घ मुदतीचे कर्ज मिळाले. त्या मेट्रोचे मी स्वागतच करतो. पण मेट्रोला एकरकमी भांडवल, स्वतंत्र वाट आणि परतफेडीला अनेक दशके मिळतात, तर बसला दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी महापालिकेच्या दारात अनुदानासाठी उभे राहावे लागते, आणि मिळालेली रक्कम निवृत्त कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या देण्यांत संपून जाते. मेट्रोच्या स्थानकातून वर आलेल्या माणसाला घरी पोहोचविण्याचे काम शेवटी बसच करते. २०२० साली टाळेबंदीत लोकल गाड्या सामान्यांसाठी बंद होत्या, तेव्हा परिचारिका, सफाई कामगार आणि बँकेचे कारकून ह्यांना ने-आण करणारी बेस्टच होती. गाड्या अपुऱ्या पडल्या म्हणून गावोगावच्या एसटी मुंबईच्या रस्त्यांवर आणाव्या लागल्या. त्या काळात बेस्टच्या अनेक कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले. ज्या सेवेवाचून शहराचे रुग्णालय उघडत नाही, तिची तरतूद पाणी आणि मलनिस्सारण ह्यांच्या पंक्तीला बसली पाहिजे.

आणि ही तरतूद एकट्या मुंबईपुरती करून भागणार नाही. ठाण्याची परिवहन सेवा १९८९ मध्ये, नवी मुंबईची १९९६ मध्ये सुरू झाली. कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार ह्यांनी आपापल्या काढल्या. प्रत्येक संस्थेचे आगार वेगळे, पास वेगळा, तूटही वेगळी. घोडबंदर रस्त्यावर राहणारा आणि अंधेरीस नोकरी करणारा मनुष्य रोज दोन-तीन महापालिकांच्या हद्दी ओलांडतो, पण त्याच्या संपूर्ण प्रवासाचा विचार करणारे दफ्तर कोठेच नाही. २००८ साली ह्यासाठी एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण स्थापन करण्यात आले; कायद्याचे अधिष्ठान आणि स्वतःचा निधी नसल्याने दीर्घकाळ ते सल्लामसलतीपलीकडे जाऊ शकले नाही. मुंबईत २०२२ पासून मालमत्तेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी घेतला जातो, ज्याला लोक मेट्रो सेस म्हणतात. बससेवा चांगली असलेल्या वस्तीत घराची किंमत वाढते, तेव्हा त्या वाढीतील अंश बसला देणे न्याय्य आहे. ह्या अधिभारातील ठराविक हिस्सा बसच्या नित्य खर्चासाठी कायद्याने राखून ठेवावा, प्रदेशातील सर्व परिवहन संस्थांत त्याची वाटणी धावलेल्या किलोमीटरांच्या आणि वाहून नेलेल्या उतारूंच्या प्रमाणात व्हावी, आणि तो स्वीकारणाऱ्या प्रत्येक महापालिकेवर आपल्या मुख्य रस्त्यांवर बसची राखीव मार्गिका देण्याची व एकमेकींचा पास मान्य करण्याची अट घालावी. ह्यासाठी नवा कर बसविण्याची गरज नाही. विधिमंडळाच्या एका अधिवेशनात मंजूर होऊ शकेल अशी ही दुरुस्ती आहे.