उतारावरचा ट्रॅक्टर

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळणे सोपे झाले. बँकेत असताना आम्ही दरवर्षी घसारा धरून ट्रॅक्टरची किंमत कमी करत असू. निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत मात्र तो घरातला म्हातारा होऊन राहतो.

असे जुने ट्रॅक्टर उतारावर उभे केलेले आपणही पाहिले असतील. पुष्कळदा कारण असते डायनॅमो. इंजिन मंद असताना तो बॅटरी पुरेशी भरत नाही. सकाळी स्टार्टर फिरत नाही, मग उतारावरून सोडायचा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, की डाऊनीसाठी फवारणी लगेच हवी. अशा वेळी ट्रॅक्टर अडून बसला, तर वर्षाचे पीक जाऊ शकते. मग माणूस नव्या कर्जाचा विचार करतो.

त्याआधी अल्टरनेटरचा विचार करावा. त्यात वीज स्थिर वेटोळ्यांत तयार होते, डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात आणि मंद गतीतही बॅटरी भरते. ब्रॅकेट बसवावा, पट्टा सरळ रेषेत आणावा, जुना कटआउट काढावा, तार जाड घ्यावी. एक पथ्य मात्र पाळावे : काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. ते न बदलता नेहमीचा अल्टरनेटर जोडला, की डायोड जळालेच.

एक बागाईतदार मला म्हणाले, "साहेब, हप्ते फिटले तेव्हा ट्रॅक्टर कागदावर माझा झाला. सपाटीवर उभा करून निवांत झोपलो, तेव्हा खरा माझा झाला."