जड मिक्सर आणि कलती घोडी

मैफल रंगली म्हणजे आपण गायकाला दाद देतो, साथीदारांना देतो, आणि आभारप्रदर्शनाच्या वेळी मंडपवाल्यांचाही उल्लेख करतो. परंतु मंडपाच्या मध्यभागी, आपल्याच गर्दीत, शेकडो कळा असलेल्या एका रुंद फलकासमोर जो मनुष्य बसलेला असतो, त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गायकाचा आवाज, तंबोऱ्याचा झंकार, तबल्याची थाप या साऱ्यांचे प्रमाण जुळवून ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्याचे काम त्या फलकावर होते. त्याला ध्वनिमिश्रण यंत्र म्हणावे; व्यवहारात सगळे त्याला मिक्सर म्हणतात. आज मला बोलावयाचे आहे ते मात्र मिक्सरविषयी नव्हे, तर तो ज्या घोडीवर ठेवतात तिच्याविषयी.

विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो एके काळी तसाच वाटत असे. गोव्यातील एका देवळाच्या प्रांगणात संध्याकाळच्या नाटकाची तयारी चालली होती. टेम्पोतून मिक्सरची पेटी उतरली. चौघांनी ती उभी धरली, मेजाच्या कडेला टेकविली आणि हळूहळू आडवी करू लागले. शेवटच्या वीतभर अंतरात भार एकदम अंगावर आला, एकाचा हात सुटला, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मदतनिसाची दोन बोटे पेटीची कड आणि मेज यांच्यामध्ये चेंगरली. नाटक वेळेवर सुरू झाले. तो मुलगा मात्र दोन महिने कामावर येऊ शकला नाही, आणि रोजंदारीवर राबणाऱ्याला दोन महिने म्हणजे काय, हे सांगावयास नको. चूक कोणाची, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. मला वाटते, चूक कोणा एकाची नव्हती. ती त्या रीतीतच होती.

ती कशी, हे थोडे हिशेबाने पाहू. मिक्सर जड किती असतो? २००४ च्या सुमारास आलेला यामाहा कंपनीचा पीएम फाइव्ह-डी हा मोठा मिक्सर घ्या. त्याच्या एका प्रकाराचे वजन ९८ किलो आहे. त्याच कंपनीच्या एम-सेव्हन-सीएलच्या ४८ मार्गांच्या फलकाचे वजन ५० किलो, आणि नंतरच्या सीएल-फाइव्हचे ३६ किलो. बेहरिंगर कंपनीचा एक्स-थर्टीटू तर साडेवीस किलोंच्या आसपास आहे. म्हणजे यंत्रे हलकी होत चालली आहेत, हे खरे. पण ही वजने नुसत्या यंत्राची होत. जाड प्लायवुड आणि लोखंडी कोपरे यांची प्रवासी पेटी त्याभोवती आली की भार पुष्कळच वाढतो. शिवाय जुने, मोठे आणि भक्कम मिक्सर आजही भाड्याने मिळतात व मांडवांतून वापरात आहेत.

आता मनुष्याच्या पाठीचा हिशेब. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली ओझे उचलण्यासंबंधीचे आपले सूत्र सुधारले. त्यात उत्तम परिस्थितीत, म्हणजे ओझे शरीरालगत, दोन्ही हातांत नीट धरलेले, पाय स्थिर, अंगाला पीळ नाही, अशा वेळी मर्यादा धरली आहे ती २३ किलोंची. ओझे शरीरापासून दूर जाईल तशी ही मर्यादा घटते. २५ सेंटिमीटरांच्या ठिकाणी ते ५० सेंटिमीटरांवर गेले, की मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो होते. ९८ किलोंचा मिक्सर चौघांनी उचलला, तरी प्रत्येकाच्या वाट्यास साडेचोवीस किलो येतात. तेही पेटी न धरता, आणि चौघांचा जोर अगदी सारखा लागला तर. देवळाच्या पायऱ्यांवर किंवा खुर्च्यांच्या रांगांतून जाताना तो सारखा कधीच लागत नाही.

मग मिक्सर उभा का नेतात? कारण साधे आहे. दीड मीटर लांब आणि जवळजवळ मीटरभर रुंद असा फलक आडवा ठेवला तर दारातून जात नाही, आणि टेम्पोत साऱ्या सामानाची जागा खातो. कडेवर उभा केला की चाकांवरून कोठेही नेता येतो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात तो दोन वेळा वळवावा लागतो. उभ्याचा आडवा आणि पुन्हा आडव्याचा उभा. अपघात व्हावयाचा तो या वळणात होतो.

आणि तो शेवटच्या वीतभरातच का होतो, याचेही कारण आहे. फलक आपल्या खालच्या कडेवर उभा असताना त्याचा सगळा भार जमिनीवर असतो. धरणाऱ्याला जवळजवळ काहीच लागत नाही. तो जसजसा कलतो तसतसा भार हातांवर येऊ लागतो, आणि तो आडवा होण्याच्या क्षणी निम्मे वजन, म्हणजे आपल्या उदाहरणात ४९ किलो, वरची कड धरणाऱ्यांच्या हातांवर असते. भार जेव्हा सर्वांत अधिक, तेव्हाच बोटे मेज आणि कड यांच्यामध्ये असतात. त्या मुलाच्या बाबतीत हेच घडले.

यावरचा उपाय तोफा ओतणाऱ्यांना कित्येक शतकांपूर्वी सापडला होता. आपल्यापैकी पुष्कळांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा पाहिल्या असतील. तोफेच्या नळीला दोन्ही बाजूंस दोन आखूड, गोल खुंट असतात, आणि त्या खुंटांवर ती गाड्यावर टांगलेली असते. हे खुंट नळीच्या टोकाशी नसतात; जेथे नळीचे वजन दोन्हीकडे जवळजवळ समतोल होते, अशा जागी ते असतात. त्यामुळे शेकडो किलोंची नळी एखाददुसरा गोलंदाज पहारीच्या साह्याने वरखाली करू शकत असे. मागील बाजू मुद्दामच किंचित जड ठेवीत, म्हणजे नळी आपल्या टेकणावर स्वस्थ बसे.

कलती घोडी म्हणजे हीच युक्ती होय. दोन बाजूंस दोन भक्कम पाय, त्यांच्यामध्ये फिरती चौकट, आणि त्या चौकटीत पेटीसह बसविलेला मिक्सर. चौकटीची आस मिक्सरच्या गुरुत्वमध्यातून गेली, तर फिरविताना मनुष्याला वजन उचलावे लागतच नाही. फक्त आसेचे घर्षण जिंकावयाचे असते. आस किती अचूक असावी, याचाही हिशेब करता येतो. तोच ९८ किलोंचा मिक्सर घेऊ. आसेपासून त्याची कड सुमारे ४७ सेंटिमीटरांवर आहे असे धरू. आस गुरुत्वमध्यापासून दोन सेंटिमीटर चुकली, तर कडेवर चार किलोंचा जोर लागतो. पाच सेंटिमीटर चुकली तर दहा किलो, आणि दहा सेंटिमीटर चुकली तर जवळजवळ एकवीस. म्हणून ‘सर्व मिक्सरांना चालणारी’ म्हणून जी घोडी दाखविली जाते, तिची आस पुढेमागे सरकविता येते की नाही, हे पहिल्या प्रथम पाहावे. येत नसेल तर ती सर्वांना चालेल, पण एकालाही नीट चालणार नाही.

गुरुत्वमध्य काढणे अवघड नाही. पेटीचे झाकण लावून, आत जे जे प्रवासात राहते ते सर्व ठेवून, ती जमिनीवर एका लोखंडी नळीवर आडवी ठेवावी आणि दोघांनी पुढेमागे सरकवून कोठे तोल साधतो ते पाहावे. तेथे खडूने रेघ ओढावी. मग पेटी कडेवर उभी करून तसेच करावे. दोन रेघा जेथे मिळतात त्या उंचीवर व त्या अंतरावर आस हवी. कामाच्या स्थितीत गुरुत्वमध्य आसेच्या किंचित खाली राहील असे पाहावे. तो वर राहिला तर खिट्टी निघताच फलक आपण होऊन उलटू पाहतो. तारांचा जुडगा किंवा वीजपुरवठ्याचा ठोकळा पेटीत नंतर घातला, तर ही रेघ सरकते, हेही विसरू नये.

घोडीचा दुसरा एक प्रकार आहे. त्यात आस कडेजवळच असते, पण दोन गॅस स्प्रिंगा भार तोलून धरतात. मोटारीचे मागचे झाकण ज्या नळकांड्यांवर वर उचलले जाते, तीच ही नळकांडी. त्यांच्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, आणि त्यांचा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. सुमारे दहा न्यूटन म्हणजे एक किलोचा भार, असे स्थूलमानाने समजावे. ही रचना सुटसुटीत असते, पण तिच्या काही अटी आहेत. स्प्रिंग एका ठरावीक वजनासाठी निवडलेली असते. पन्नास किलोंसाठी असलेल्या चौकटीवर वीस किलोंचा मिक्सर बसविला, तर ती खिट्टी काढताच उसळते. रिकामी चौकट तर कधीच उघडू नये. शिवाय वायूचा दाब उष्णतेवर अवलंबून असतो. ग्वाल्हेरीस मे महिन्यातील ४५ अंशांच्या दुपारी जी स्प्रिंग बरोबर तोलते, तिचा जोर डिसेंबरच्या आठ अंशांच्या रात्री सुमारे बारा टक्क्यांनी कमी भरतो. तानसेन समारोहासारखे उघड्यावरचे सोहळे याच थंडीत होतात, आणि रात्री कार्यक्रम आटोपल्यावर थकलेल्या हातांनी मिक्सर वळवावयाचा असतो. स्प्रिंगेचा दांडा विश्रांतीच्या स्थितीत खालच्या बाजूस असावा, म्हणजे आतील तेल सीलावर राहते आणि वायू गळत नाही. कालांतराने जोर कमी होतोच, तेव्हा स्प्रिंगा जोडीने बदलाव्यात.

कोणताही प्रकार घेतला, तरी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट म्हणजे कुलूप. फिरती चौकट दोन्ही टोकांच्या स्थितींत पोलादी खिट्टीने अडकली पाहिजे, आणि ती दोन्ही बाजूंस हवी. नुसत्या पिळून आवळावयाच्या मुठीवर विसंबू नये. कंपनांनी ती सैल होते.

दुसरी गोष्ट पायांची. गुणिलेच्या चिन्हासारखे पाय असलेली घोडी उंच करावी तसतशी तिची बैठक अरुंद होते. हलक्या यंत्रास ती चालते; जड मिक्सरास चौकोनी, रुंद आणि तिरप्या आधारांनी सांधलेली बैठकच हवी. फलक वळत असताना त्याचा गुरुत्वमध्य पुढेमागे झाला, तरी त्यातून सोडलेला ओळंबा बैठकीच्या आतच पडला पाहिजे. घोडीवर लिहिलेली भारक्षमता मिक्सर व पेटी यांच्या एकूण वजनाच्या निदान दीडपट असावी. हे वजन अंदाजाने न धरता काट्यावर करून घ्यावे.

तिसरी गोष्ट जमिनीची. सभागृहाच्या फरशीवर जी छोटी चाके सुरेख धावतात, तीच जांभ्या दगडाच्या अंगणात किंवा मैदानातील मातीत रुततात. चाके मोठी, रबरी आणि प्रत्येकी अडसराची असावीत; मिक्सर वळविण्यापूर्वी चारही अडसर लावावेत आणि मऊ जमिनीवर प्लायवुडाचा तक्ता टाकावा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते आणि आस अडखळू लागते. तेथे जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद किंवा अॅल्युमिनियम बरे. अॅल्युमिनियम वजनाने पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते; पण त्याचा ताठपणाही तितकाच कमी असतो, म्हणून त्याच्या नळ्या अधिक जाड व रुंद लागतात.

चौथी गोष्ट काम करणाऱ्याच्या सोयीची. तीन-चार तास ज्याचे हात त्या कळांवर राहणार, त्याच्या कोपराच्या किंचित खाली फलक यावा आणि त्याच्याकडे थोडा उतार असावा. मिक्सर फार उंच ठेवला तर मागील प्रेक्षकांना रंगमंच दिसत नाही, हेही आहेच.

आता आपण म्हणाल, हे सारे ध्वनिव्यवस्था करणाऱ्याने पाहावे. आमचा काय संबंध? संबंध आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी, कोठेही पाहा; गणेशोत्सवाची, नाट्यसंमेलनाची किंवा संगीतसभेची ध्वनिव्यवस्था ठरवितो तो आपल्यापैकीच कोणी कार्यकर्ता असतो. तो भाडे विचारतो, ध्वनिवर्धक किती ते विचारतो. त्याने आणखी एक प्रश्न विचारावा: मिक्सर वळविणार कसा? आणि घोडी असेल तर एक परीक्षा घ्यावी. मिक्सर बसवून, दोघे जण बाजूला सावध उभे राहून, त्यांच्यातल्या सर्वांत किरकोळ अंगाच्या माणसाला तो सावकाश फिरवू द्यावा. अर्ध्या वाटेवर त्याने हात सैल केला, तर चांगल्या घोडीवरचा फलक जेथल्या तेथे थबकतो किंवा अगदी मंदपणे कलतो. तो धाडकन जाऊ लागला, तर ती घोडी नव्हे, केवळ चाके लावलेले मेज होय.

त्या देवळाच्या प्रांगणात मी पुन्हा गेलो होतो. तोच संच, तोच मिक्सर. पण या वेळी खाली एक घोडी होती, गावच्या लोहाराने नळ्या जोडून केलेली, रंगही न दिलेली. त्याच मुलाने दोन बोटांनी कड धरली आणि फलक आडवा केला. दोन्ही खिट्ट्या बसल्याचा आवाज आला आणि तो तारा जोडावयास निघून गेला. उरलेले तिघे तोवर खुर्च्या मांडू लागले होते.