खर्च : काही नाही

१९६९ साली जर्मनीत बीलेफेल्डचं विद्यापीठ नुकतंच सुरू होत होतं. समाजशास्त्र शिकवायला आलेल्या निकलास लूमान यांना विचारणा झाली, संशोधन कशावर करणार? त्यांनी कळवलं : विषय, समाजाचा सिद्धान्त. मुदत, ३० वर्षं. खर्च, काही नाही. थट्टा वाटावी असंच उत्तर. पण १९९७ साली तो ग्रंथ खरोखरच दोन खंडांत छापून आला आणि पुढच्या वर्षी लूमान वारले.

हे गृहस्थ मुळात कायदा शिकलेले, सरकारी नोकरीतले. ऑफिस सुटलं की घरी येऊन वाचत बसायचं आणि वाचता वाचता चिठ्ठ्या करायच्या, हा त्यांचा छंद. पोस्टकार्डाएवढा कागद, बऱ्याचदा एका बाजूने आधीच वापरलेला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लागलेली ही सवय मरेपर्यंत सुटली नाही. लाकडी खणांत जमलेल्या चिठ्ठ्या भरल्या सुमारे ९०,०००. ऐकून छाती दडपते, पण पंचेचाळीस वर्षांवर पसरल्या तर दिवसाला पाच-सहाच होतात! या शिदोरीवर त्यांनी पन्नासहून अधिक पुस्तकं लिहिली. डॉक्टरेट आणि प्राध्यापक व्हायला जर्मनीत त्यापुढे लागणारी पात्रता, दोन्ही त्यांनी १९६६ या एकाच वर्षात मिळवल्या.

खरी गंमत आहे ती क्रमांकांत. आपण टिपणं काढतो ती विषयवार : इतिहास इकडे, अर्थशास्त्र तिकडे. लूमान यांनी तसे कप्पे पक्के बांधलेच नाहीत. सातबाऱ्यावरचे पोटहिस्से आठवा. २१ नंबरच्या चिठ्ठीवरून काही सुचलं की नवी चिठ्ठी २१/१, तिच्यावरून पुढे २१/१अ, त्यातून २१/१अ१. एकदा दिलेला नंबर कधी बदलायचा नाही आणि कुठल्याही दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये कितीही नव्या शिरू शकतात. शिवाय अनेकींवर दूरच्या चिठ्ठ्यांचे नंबर टिपलेले. मग कायद्यावरची एक चिठ्ठी काढायला जावं, तर तिचा माग धरून माणूस प्रेमावरच्या चिठ्ठीशी जाऊन थडकतो. आपणच वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं आपल्यालाच चकित करतं. १९८१ च्या एका लेखात लूमान यांनी या खणांना चक्क संवादातला जोडीदार म्हटलंय.

हल्ली हीच युक्ती शिकवणारी ॲपं आणि पुस्तकं ढिगाने मिळतात. माझं मत विचाराल तर त्यातली बरीच मंडळी खण रंगवण्यातच रमतात, वाचायचं राहूनच जातं. लूमान आधी वाचत. आणि लिहिताना एखाद्या मजकुरावर अडलं की तिथे डोकं आपटत न बसता तो बाजूला ठेवून दुसरा हाती घेत.

२०११ साली बीलेफेल्ड विद्यापीठाने हा सगळा पसारा विकत घेतला. आता स्कॅन केलेल्या त्या चिठ्ठ्या, बारीक, गिचमिड अक्षर लावून, एकेक करून सगळ्यांसाठी इंटरनेटवर येताहेत. त्यांत ९/८ज या क्रमांकाची एक आहे. तिच्यावर लिहिलंय की या पेटीत एक अशी चिठ्ठी आहे, जी बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्यांचं म्हणणं खोडून काढते. फक्त खण उघडला की ती नाहीशी होते.