जमिनीखालची जमीन

इनामगावला एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लंबगोल पेटी पुरलेली सापडली. तिला झाकण होते. पेटीसोबत स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. मूर्तींपैकी एकीला शिर नव्हते. तिच्या अंगातल्या छिद्रात काडी घालून ती बैलाच्या पाठीवरच्या छिद्रात रोवली, की देवी बैलावर बसते. या वस्तू भाजलेल्या नव्हत्या, कच्च्या मातीच्या होत्या. आजूबाजूलाही मातीच. कुदळीचा एक घाव बसला असता तर सुमारे तीन हजार तीनशे वर्षे जपून राहिलेली ती पूजा ढेकळांत मिसळून घमेल्यातून बाहेर गेली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी या कामाची धुरा वाहिली. त्याआधी जोर्वे, नेवासे अशा ठिकाणी ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची ओळख पटलेली होती. कोणत्या काळानंतर कोणता काळ आला, याचा क्रम लावण्यासाठी लहान जागेत खोल जाणारा खड्डा पुरतो. पण माणसे कशी राहत होती हे त्यातून कळत नाही. त्यासाठी घर अख्खे उघडावे लागते, मग शेजारचे घर, मग दोहोंमधली बोळ. इनामगावला म्हणून आडवे, पसरट उत्खनन झाले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आली.

घरे म्हणजे काय, तर कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर आणि चोपून केलेली मातीची जमीन. दगडी वाड्यासारखे उभे काहीच शिल्लक नाही. उरते ती मातीत दडलेली माती, आणि तीच वेगळी ओळखायची असते.

अशा घराच्या आत वरून खाली येताना पहिल्यांदा लागते ती नांगरटीची, पावसाने कालवलेली माती. तिच्यातले खापर कुठलेही असू शकते. तिच्याखाली पडझडीचा थर येतो: कुडाचे लिंपण, छपराची राख, कधी जळालेल्या लिंपणाच्या गोळ्यावर उमटलेले बोरूचे ठसे. त्याच्याखाली, जमिनीला चिकटून, वापराचा पातळ थर असतो. चुलीजवळची राख, फुटलेले मडके, सांडलेले दाणे, पाट्याचा तुकडा त्यात मिळतात. मग जमीन. ती घट्ट असते, खुरपीच्या टोकाला तिचा आवाजच निराळा येतो. जमीनही एकच नसते. घर नव्याने बांधताना जुनीवर भर टाकून नवी केलेली असते, आणि प्रत्येक जमिनीला तिचा स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो.

या सगळ्यात वापराचा थर सर्वांत मोलाचा आणि सर्वांत पातळ. घर चालू होते तेव्हाचे तेवढेच उरलेले असते. पडझडीत मिळालेले मडके आणि जमिनीवर बसलेले मडके यांत हाताच्या रुंदीचे अंतर असेल, पण पहिले कदाचित घर ओस पडल्यावर कोणी टाकलेले असते आणि दुसरे घरधनिणीचे असते. दोन्ही एकाच पिशवीत गेली, की घराबद्दल पुढे जे काही लिहिले जाईल ते चुकणार.

खांबांच्या जागाही अशाच सापडतात. लाकूड केव्हाच कुजून गेले. पण घट्ट जमिनीत एक गोल डाग दिसतो, आतली माती मऊ आणि गडद. असे डाग ओळीने आले की भिंत दिसू लागते. हे डाग उन्हात तासाभरात सुकून फिके होतात. म्हणून जमीन खरवडून, पाणी शिंपडून लगेच त्यांभोवती रेघ ओढायची, मोजायचे आणि आलेखाच्या कागदावर उतरवायचे.

खोलीवरून वय ठरते, असा एक सर्वसाधारण समज आहे. घराच्या आत तो हमखास फसवतो. इनामगावकर धान्य साठवायला जमिनीत पेवे खणत. नंतरच्या पिढीने वरच्या जमिनीतून खणलेले पेव खालच्या दोन-तीन जमिनी भेदून जाते. त्याच्या तळाशी पडलेले खापर खोलीने सर्वांत जुने वाटते आणि वयाने सर्वांत नवे असते. उंदीर-घुशींची बिळेही हाच घोटाळा करतात. म्हणून खोदणारा आधी पेवाचे तोंड कोणत्या थरात उघडते ते शोधतो, त्यातली भर वेगळी काढतो आणि मगच भोवतालच्या थराला हात लावतो. सर्वांत शेवटी घडलेले सर्वांत आधी उचलायचे, असा हा क्रम. थरांचे असे आधी-नंतरचे नाते कागदावर मांडण्याची आकृती एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या विंचेस्टर येथे तयार केली आणि आज जगभर ती वापरली जाते.

भारतात थरांची शिस्त रुजवण्यात मॉर्टिमर व्हीलर यांचा मोठा वाटा आहे. १९४४ मध्ये त्यांनी तक्षशिलेला तरुण अभ्यासकांना प्रशिक्षण दिले. चौकोनी खड्डे आखायचे, दोन खड्ड्यांमध्ये न खणलेला पट्टा राखायचा आणि त्या पट्ट्याच्या उभ्या कडेवर सगळे थर वाचायचे, ही त्यांची पद्धत. ती कड खुरपीने तासून सरळ करतात, थरांच्या सीमा कोरतात, प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी टोचतात आणि मग तिचा आराखडा काढतात. अडचण एकच. घराची भिंत नेमकी त्या राखलेल्या पट्ट्यात शिरते. तेव्हा पट्टा नोंदवून काढून टाकावा लागतो.

नोंद कशाची? मातीचा रंग, पोत, ओलावा, त्यात खडे किती, कोळसा किती. थर कोणत्या थरावर बसला आहे, कोणी त्याला कापले आहे. एका ठरावीक बिंदूपासून त्याची पातळी. पट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून घेतलेले छायाचित्र. खापरांच्या पिशवीवर थराचा तोच क्रमांक. हे काम कंटाळवाणे वाटते, पण उत्खननाचा कणा हाच आहे, कारण खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. प्रयोगशाळेतला प्रयोग चुकला तर तो पुन्हा करता येतो. इथे पुरावा वाचता वाचता नाहीसा होतो आणि वहीत उतरले तेवढेच शिल्लक राहते.

या नोंदींच्या जोरावरच इनामगावचे एक पाच खोल्यांचे घर गावप्रमुखाचे असावे, असे ढवळीकरांना म्हणता आले. घर मोठे होते, एवढ्यावर ते ठरले नाही. शेजारच्या वास्तूच्या जमिनीत पेवे होती, कणग्या ठेवण्यासाठी केलेले गोल ओटे होते. म्हणजे ते कोठार. शिवाय त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एका पुरुषाला बसवून पुरलेले होते. इनामगावला प्रौढांना पुरताना घोट्याखाली पाय तोडत, या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. घर, कोठार आणि दफन एकाच काळातल्या थरांशी जोडता आले नसते, तर या तीन सुट्या गोष्टी झाल्या असत्या.

तुर्कस्तानातल्या चातालह्यूयुक इथे हीच दृष्टी आणखी बारीक झाली. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या या वस्तीत जेम्स मेलार्ट यांनी १९६० च्या दशकात थोड्याच हंगामांत दीडशेहून अधिक खोल्या आणि इमारती उघडल्या. १९९३ पासून इयन हॉडर यांच्या चमूने वेग मुद्दाम कमी केला. तिथले लोक घर सोडताना ते स्वच्छ करत, भिंती उतरवत, आत माती भरत आणि त्यावर नवे घर उभारत. त्यामुळे जमिनीवर वस्तू फारशा मिळत नाहीत. मग जमिनीचाच ठोकळा कापून, राळेत घट्ट करून, त्याचे मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. पांढऱ्या गिलाव्याचे एकावर एक कितीतरी पापुद्रे, त्यांच्यामधली काजळी, चटईचा माग, चुलीजवळच्या बाजूला साचलेली राख हे सगळे डोळ्यांना न दिसणाऱ्या जाडीत सापडले. प्रत्येक थरातली माती पाण्यात घोळवून वर तरंगलेले जळके दाणे गाळून घेतले जातात, ते वेगळेच.

इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, शेवटच्या हंगामानंतर पाचच वर्षांनी. आपल्याकडे कित्येक उत्खननांचे अंतिम अहवाल दशकानुदशके निघत नाहीत. असे ठिकाण खणून संपलेले असते आणि अहवालही नसतो. ही हानी चोरीपेक्षा कमी नाही. इनामगावच्या घरांत जमिनीखाली लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडे जुळवून पुरलेले होते. कोणते दफन कोणत्या काळातले, हे नोंदलेले असल्यामुळे ग्वेन रॉबिन्स शुग यांना अनेक वर्षांनी त्या सांगाड्यांकडे परत जाता आले. नेवासे आणि दायमाबादच्या मुलांबरोबर त्यांनी ते अभ्यासले, मुलांची वाढ कोणत्या काळात खुंटली ते तपासले आणि हवामान बदलल्यामुळे ही गावे उठली, या जुन्या मताची नव्याने झाडाझडती घेतली. त्यांचे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.