विजयाच्या चौथऱ्यावरील मूक निषेध

खेळ हा खेळच असावा, त्यांत राजकारण आणूं नये, असें म्हणण्याचा प्रघात सर्वत्र आहे. म्हणणें वाईट नाहीं. परंतु तें कोण म्हणतो, कोणास उद्देशून म्हणतो आणि केव्हां म्हणतो, हें पाहिल्यावांचून त्याची किंमत ठरवितां येत नाहीं. १९६८ सालीं मेक्सिको शहरांत भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांतील एका प्रसंगानें हा प्रश्न जगापुढें उभा केला. त्या प्रसंगाचें छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. तीन खेळाडू चौथऱ्यावर उभे आहेत. पैकीं दोघांनीं माना खालीं घालून, काळा मोजा चढविलेली मूठ आकाशाकडे उंचावली आहे. मात्र त्या चित्रांतील प्रत्येक वस्तूस अर्थ होता, आणि तिसरा गोरा मनुष्य तेथें नुसता योगायोगानें उभा नव्हता, हें सहसा लक्षांत येत नाहीं.

अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें नष्ट होऊन त्या वेळीं शंभरावर वर्षें लोटलीं होतीं. तरीहि जो कृष्णवर्णीय तरुण शर्यतींत देशाचें नांव राखी, त्यासच घरीं परतल्यावर गोऱ्या वस्तींत भाड्याची खोली मिळण्याची मारामार पडे. मैदानावर त्याच्या पायांचें कौतुक होई, मैदानाबाहेर त्याच्या कातडीचा रंग आड येई. ही विसंगति हॅरी एडवर्ड्‌स या समाजशास्त्राच्या तरुण अध्यापकानें खेळाडूंस उघड करून दाखविली, आणि १९६७ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील सान होजे येथें ‘मानवी हक्कांसाठीं ऑलिंपिक योजना’ या अर्थाच्या नांवाची एक संस्था स्थापिली. तिच्या मागण्या मोघम नव्हत्या. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिका व ऱ्होडेशिया या देशांस सामन्यांतून वगळावें. व्हिएतनामच्या युद्धासाठीं सैन्यांत जाण्याचें नाकारल्यामुळें मुहम्मद अली या मुष्टियोद्ध्याचें काढून घेतलेलें अजिंक्यपद त्यास परत द्यावें. कृष्णवर्णीय शिक्षकांस अधिक जागा द्याव्या. आणि ऑलिंपिकचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांस दूर करावें, अशा त्या होत्या.

प्रथम विचार होता तो सामन्यांवर बहिष्कार घालण्याचा. परंतु ज्यानें वर्षानुवर्षें एका शर्यतीसाठीं देह झिजविला, त्यास ती सोडून दे म्हणणें सोपें नसतें, आणि या बाबतींत खेळाडूंचें एकमत झालें नाहीं. पुढें करीम अब्दुल जब्बार या नांवानें गाजलेल्या ल्यू अल्सिंडर या चेंडूफेकीच्या खेळांतील श्रेष्ठ खेळाडूनें जाण्याचें टाळलें. बहुतेक इतर गेले. दरम्यान आफ्रिकी राष्ट्रांच्या दडपणामुळें दक्षिण आफ्रिकेस दिलेलें निमंत्रण एप्रिल १९६८ मध्यें मागें घ्यावें लागलें, आणि त्याच महिन्याच्या ४ तारखेस मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. ज्यास जें सुचेल तें त्यानें मेक्सिकोंत करावें, असें शेवटीं ठरलें.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजीं दोनशें मीटरची अंतिम शर्यत झाली. टॉमी स्मिथ हा टेक्सासमधील शेतमजुराचा मुलगा, बारा भावंडांपैकीं सातवा. जॉन कार्लोस हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तींत वाढलेला. उपान्त्य शर्यतींत स्मिथच्या जांघेचा स्नायु दुखावला होता व तो अंतिम शर्यतींत उतरतो कीं नाहीं याचीच शंका होती. वळणावर कार्लोस पुढें होता. सरळ मार्ग लागतांच स्मिथनें त्यास मागें टाकलें आणि शेवटच्या रेषेपूर्वींच दोन्ही हात वर करून १९.८३ सेकंदांत शर्यत संपविली. हा त्या वेळचा जागतिक विक्रम होता. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवर असून तेथील विरळ हवा अशा शर्यतीस अनुकूल असते हें खरें, पण ती हवा आठहि जणांस सारखीच होती! ऑस्ट्रेलियाच्या पीटर नॉर्मननें अखेरच्या क्षणीं मुसंडी मारून २०.०६ सेकंदांत दुसरा क्रमांक मिळविला, कार्लोस २०.१० सेकंदांत तिसरा आला.

पदकें घेण्यास जातांना दोघां अमेरिकनांनीं पायांतील बूट काढून केवळ काळे पायमोजे ठेवले होते. आपल्या समाजाच्या दारिद्र्याची ती खूण होती. स्मिथच्या गळ्यांतील काळा रुमाल हा वर्णाभिमानाचा. कार्लोसनें जाकीट पुढून मोकळें सोडलें होतें. समारंभाच्या शिस्तीस हें सोडून होतें, परंतु अंगमेहनत करणाऱ्या कामगारांशीं आपलें नातें सांगण्याचा त्याचा तो मार्ग होता. त्याच्या गळ्यांतील मण्यांची माळ, जमावानें फांसावर लटकावून मारलेल्या निराधार माणसांच्या स्मरणार्थ होती. हातमोज्यांचा मात्र एकच जोड होता, कारण कार्लोस आपला जोड मुक्कामावर विसरून आला होता. एकेक मोजा वांटून घ्या, ही सूचना नॉर्मनची. म्हणूनच चित्रांत स्मिथची उजवी आणि कार्लोसची डावी मूठ वर दिसते. उजवी मूठ सामर्थ्याची व डावी ऐक्याची, असा अर्थ स्मिथनें पुढें सांगितला. लोकांनीं या कृतीस एका पक्षाची सलामी ठरविली. मानवी हक्कांसाठीं केलेली ती सलामी होती, असें त्यानें २००७ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत स्पष्ट केलें आहे.

नॉर्मन हा मेलबर्नचा. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या संस्कारांत वाढलेल्या या तरुणास दोघांनीं आपला बेत सांगितला, तेव्हां त्यानें मूठ उंचावली नाहीं, पण त्यांच्या संस्थेचा बिल्ला आपल्याहि छातीवर हवा असें म्हटलें. तो बिल्ला पॉल हॉफमन या गोऱ्या अमेरिकन नौकापटूनें स्वतःच्या अंगावरचा काढून दिला. एवढ्या अपराधासाठीं हॉफमनलाहि चौकशीस तोंड द्यावें लागलें.

राष्ट्रगीत संपलें आणि प्रेक्षकांतून हुर्यो उठली. अमेरिकेच्या समितीनें प्रथम क्षमा मागून प्रकरण मिटविण्याचा प्रयत्न केला, परंतु ब्रंडेज यांस तें पुरेसें वाटलें नाहीं. सर्व धांवपटूंस परत पाठविण्याची धमकी आली, तेव्हां दोन दिवसांच्या आंत स्मिथ व कार्लोस यांस संघांतून काढण्यांत आलें. त्यांचीं पदकें हिसकावून घेतलीं ही कथा मात्र खरी नाहीं. तीं त्यांच्यापाशींच राहिलीं. खेळांत राजकारण आणल्याचा ठपका त्यांवर होता. येथें थोडें थांबून विचार केला पाहिजे. १९३६ सालीं बर्लिनमध्यें जर्मन खेळाडू याच चौथऱ्यावरून नाझी सलामी देत होते, तेव्हां अमेरिकेच्या समितीचे अध्यक्ष हेच ब्रंडेज होते, आणि त्या सलामीवर त्यांनीं आक्षेप घेतला नव्हता. मेक्सिकोंतहि सामने सुरू होण्यापूर्वीं दहाच दिवस, २ ऑक्टोबरला, सैन्यानें विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. सामने ठरल्या दिवशींच सुरू झाले. शिवाय विजेत्यामागें राष्ट्राचें निशाण चढवावयाचें, राष्ट्राचें गीत वाजवावयाचें, आणि वर येथें राजकारण नाहीं म्हणावयाचें, यांतील तर्क समजणें कठीण आहे. चारशें मीटरच्या तिघां अमेरिकन विजेत्यांनीं काळ्या टोप्या घातल्या, परंतु राष्ट्रगीताच्या वेळीं त्या काढल्या; त्यांस शिक्षा झाली नाहीं. म्हणजे राग निषेधाचा कमी व राष्ट्रगीत चालू असतां तो केल्याचा अधिक, असें दिसतें. महिला धांवपटूंतील वायोमिया टायस हिनें आपलें सांघिक सुवर्णपदक स्मिथ-कार्लोस यांस अर्पण केलें, याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाहीं.

घरीं परतल्यावर दोघांस ठार मारण्याच्या धमक्या आल्या व पोट भरण्याची विवंचना पडली. नॉर्मनची १९७२ च्या म्युनिक सामन्यांसाठीं निवड झाली नाहीं. ती मेक्सिकोच्या प्रसंगामुळें झाली नाहीं कीं अन्य कारणानें, हा वाद त्याच्या देशांत अजून मिटलेला नाहीं. सान होजेच्या विद्यापीठानें २००५ सालीं या प्रसंगाचें शिल्प उभारलें, त्यांत दुसऱ्या क्रमांकाची जागा नॉर्मनच्याच इच्छेनें मोकळी ठेवली आहे, कीं ज्यास वाटेल त्यानें तेथें उभें राहावें. २००६ च्या ऑक्टोबरांत नॉर्मन वारला, तेव्हां त्याच्या शवपेटीस खांदा देण्यास स्मिथ व कार्लोस अमेरिकेहून मेलबर्नला आले. २०१२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या लोकसभागृहानें त्याची मरणोत्तर क्षमा मागितली, आणि २०१९ सालीं अमेरिकेच्या ऑलिंपिक संस्थेनें स्मिथ-कार्लोस यांचीं नांवें आपल्या सन्मान्य खेळाडूंच्या यादींत घातलीं. चौथऱ्यावर निषेध करूं नये हा ऑलिंपिकचा नियम मात्र २०२१ सालच्या टोकियो सामन्यांतहि कायम होता. शर्यत सुरू होण्यापूर्वींच्या मूक निषेधापुरती त्या वर्षीं सवलत देण्यांत आली. नॉर्मनचे २०.०६ सेकंद हे ऑस्ट्रेलियाचा विक्रम म्हणून छप्पन वर्षें टिकले. डिसेंबर २०२४ मध्यें गाउट गाउट या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलानें २०.०४ सेकंदांत तो मोडला. त्याचे आईबाप दक्षिण सुदानांतून येऊन ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालेले आहेत.