डबी स्वस्त, चिठ्ठी महाग!

अलिबागला, पनवेलला किंवा पुण्यात एखाद्या बेने इस्राएली ज्यू कुटुंबाकडे गेलात, तर दाराच्या उजव्या चौकटीकडे नीट बघा. बोटभर लांबीची एक डबी तिथे तिरपी किंवा उभी बसवलेली दिसेल. तिला मेझुझा म्हणतात. घरातली माणसं येता-जाता तिला हात लावतात आणि ती बोटं ओठांना टेकवतात. डबी लाकडाची असो की पत्र्याची, ती स्वस्तातही मिळते. महाग असते ती आतल्या चिठ्ठीची गुंडाळी! तळहाताएवढ्या त्या तुकड्याला हजारो रुपये पडतात.

का बरं? छापखान्यात शंभर प्रती काढल्या तर? छे, मुळीच चालत नाही! मजकूर हातानंच लिहायचा, आणि तोही कागदावर नाही, कातड्यावर. गाय, शेळी, मेंढी अशा धर्माला चालणाऱ्या प्राण्याचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवतात, केस काढतात, चौकटीवर ताणून खरवडतात आणि वाळवतात. लेखणी पिसाची, नाहीतर बोरूची.

शाईची गंमत तर ऐकाच. आजीच्या बाळगुटीच्या डब्यात मायफळ असतं ना? गांधीलमाशीच्या कुळातला एक चिमुकला कीटक ओकच्या फांदीत अंडं घालतो. आतल्या अळीभोवती झाडाची गाठ वाढते, तेच मायफळ! त्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, आणि डिंक मिसळला की शाई तयार. लिहिल्यावर हवेतला ऑक्सिजन लागून ती आणखी काळीभोर होते. (कोऱ्या चहात लोखंडी खिळा टाकून ठेवा आणि एक-दोन दिवसांनी रंग बघा. तो चहा पिऊ मात्र नका हं!)

लिहिणाऱ्याला म्हणतात सोफेर. त्याचं काम बघितलं की छाती दडपते. मेझुझात २२ ओळी, ७१३ अक्षरं. एकही अक्षर शेजारच्याला चिकटता कामा नये. शिवाय सगळी अक्षरं क्रमानंच लिहायची. समजा, १०० व्या अक्षरात चूक झाली आणि ती लक्षात आली ७०० व्या अक्षराशी. मागे जाऊन तेवढंच सुधारावं, तर क्रम मोडतो. पुढचं सगळं खरवडावं, तर मध्ये देवाचं नाव आलेलं, आणि ते खोडायला सक्त मनाई. मग काय, अख्खा तुकडा बाद! इतक्या तासांची मेहनत गेली. म्हणून सोफेर घाई करतच नाही.

हे झालं छोट्या चिठ्ठीचं. प्रार्थनास्थळात वाचतात तो तोरा ग्रंथ, म्हणजे ३,०४,८०५ अक्षरांची प्रचंड गुंडाळी. ती लिहायला वर्षभर तरी लागतं. लिहून झालेले कातड्याचे तुकडे जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्यानं एकमेकांना शिवतात. त्यातलं एक अक्षर जरी तुटलेलं आढळलं, तरी ते दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी प्रार्थनेत वाचत नाहीत. नव्या तोराची किंमत आपल्या पैशांत २५-३० लाखांच्या घरात, कित्येकदा त्याहूनही जास्त.

बाप रे, एवढी? थांबा, वही घ्या. ३० लाखांना ३,०४,८०५ नं भागा. एका अक्षराला जेमतेम १० रुपये! त्यातच कातडं आलं, शाई आली, शिवण आली, तपासणी आली आणि एका माणसाचं अख्खं वर्षही आलं. मला विचाराल तर तोरा महाग नाहीच, स्वस्त आहे.