भुईनळा फुलतो, सुतळी बॉम्ब फुटतो, असे का?

दिवाळीच्या रात्री इमारतीच्या आवारात भुईनळा ठिणग्यांचे झाड उभे करतो आणि शेजारीच सुतळी बॉम्ब खिडक्यांची तावदाने हादरवतो. दोन्हींतील दारू एकाच कुळातली. मग एक फुलतो आणि दुसरा फुटतो, तो कशामुळे?

स्फोटकात अफाट ऊर्जा साठवलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातील तूप याबाबतीत टीएनटीला सहज मागे टाकते. एक ग्रॅम तूप जळाल्यास सुमारे ९ किलोकॅलरी उष्णता मिळते. एक ग्रॅम टीएनटीच्या स्फोटातून जेमतेम १. तरीही निरांजनाने भिंत पाडल्याचे ऐकिवात नाही! तुपाला हवेतील प्राणवायू लागतो आणि तो वातीपर्यंत सावकाश पोहोचतो. फटाक्याच्या दारूत मात्र गंधक, कोळसा किंवा अॅल्युमिनियमची भुकटी या इंधनातच प्राणवायू पुरवणारा सोरा मिसळलेला असतो. हवेची वाट पाहावी लागत नाही.

एवढ्यानेही स्फोट होतोच असे नाही. बंदुकीची थोडी दारू उघड्यावर पेटली, तर ती भपकन जळून जाते. (हा प्रयोग घरी करून पाहण्याचा नव्हे.) भुईनळ्याचे तोंड उघडे असल्याने वायू आणि ठिणग्यांना वाट मिळते. सुतळी बॉम्बमध्ये घट्ट गुंडाळलेली सुतळी ही वाट अडवते. आतला दाब वाढतो, दाबासोबत ज्वलनाचा वेग वाढतो आणि क्षणार्धात वेष्टन फाटते. आपल्या कानावर आदळतो तो या सुटलेल्या दाबाचा तडाखा. टीएनटीला अशा कोंडमाऱ्याची गरज नसते. त्यातून स्फोटाची लाट सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने धावते.

पेटत्या बॉम्बवर पत्र्याचा डबा उपडा घालणे, न फुटलेल्या फटाक्यांतील दारू डबीत ठासून भरणे हे मुलांचे आवडते उद्योग म्हणूनच घातक ठरतात. आवाज मोठा होतो खरा. पण फाटलेल्या पत्र्याचे तुकडे थेट चेहऱ्याकडे येतात.

फुसका निघालेला फटाकाही लगेच हाती घेऊ नये. वात विझल्यासारखी दिसली, तरी आत ती धुमसत असू शकते. प्राणवायू दारूतच असल्याने वाळू टाकून ती गुदमरत नाही. थोडा वेळ थांबून, दुरूनच भरपूर पाणी ओतावे. तीच बादली फुलबाजीच्या तारांसाठीही जवळ असावी. विझलेली तार बराच वेळ तापलेली राहते आणि अंधारात अनवाणी पायाखाली येते.